विल्फर्डचें मिश्रस्थान, आमचें तगर व एक संशयित पान

गेल्या चैत्रांत परंडें येथील आमचे एक स्नेही एक सुटें पान घेऊन आमच्याकडे आले. हे स्नेही जुन्या पोथ्यांचे व कागदपत्रांचे जाणते संग्राहक असून त्यांच्या संग्रहांतील दोन-तीन महजर आम्हीं पूर्वीं वाचून दिले आहेत. पान देशी हातकागदाचें, पोथीच्या आकाराचें, दोन्ही अंगांस लिहिलेलें, अक्षर सुवाच्य. त्यावर अनुष्टुभ् छंदाचे अकरा श्लोक असून शेवटीं ते पद्मपुराणांतील असल्याचा निर्देश आहे. श्लोकांचा आशय थोडक्यांत असा: सत्यवर्मा नांवाच्या राजास शर्म, चर्म व ज्यापेति असे तीन पुत्र झाले, चर्माचे वंशज कालीनदीच्या तीरीं मिश्रस्थान नांवाच्या देशांत जाऊन राहिले, आणि पुढें प्रतिष्ठानाहून बारा दिवसांच्या वाटेवर असलेल्या, लोक ज्यास तेर म्हणतात त्या, तगर नगरींतील वैश्य मिश्रस्थानास वस्त्रें नेऊं लागले.

मिश्रस्थान म्हणजे मिसर, काली म्हणजे नील, आणि तेर तर आमच्या धाराशिव जिल्ह्यांतीलच. स्नेह्यांची इच्छा अशी कीं, हें पान आम्हीं टीपांसह या त्रैमासिकांत छापावें. पानासाठीं त्यांनीं बरेंच मूल्य मोजलें होतें. आम्हीं पान छापण्यास नकार दिला. तो ऐकून ते खिन्न झाले, म्हणून कारणें सविस्तर देणें आम्हांस प्राप्त आहे. शिवाय या प्रकरणांत आमचाहि हात गुंतलेला आहे. तो कसा तें ओघानें येईल.

‘मिश्रस्थान’ हा शब्द या अर्थानें कोठून आला तें सर्वांस ठाऊक असावयास हवें होतें, पण नाहीं. फ्रान्सिस विल्फर्ड नांवाचा कंपनीच्या नोकरींतील एक मोजणीदार अधिकारी काशीस राहत असे. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडांत, १७९२ सालीं, त्यानें हिंदूंच्या प्राचीन ग्रंथांवरून मिसर देश व नील नदी यांचें वर्णन करणारा एक विस्तृत निबंध छापला. नीलेचीं उगमस्थानें, तिच्या कांठचीं तीर्थें, चंद्रगिरि, कुशद्वीप, शंखद्वीप, सर्व कांहीं त्यांत आहे, आणि सर्वांस पुराणांचा आधार आहे. हा निबंध आजहि वाचतांना मनुष्य गुंग होतो. विल्फर्डचें ग्रीक व लॅटिन वाचन मोठें होतें, परिश्रम अपार होते, आणि तो अप्रामाणिक मुळींच नव्हता. तगर नगरीवर पहिला स्वतंत्र लेख लिहिणाराहि तोच. त्याच ग्रंथमालेच्या पहिल्या खंडांत तो आहे, व तींत त्यानें तगर म्हणजे देवगिरि असें ठरविलें आहे.

परंतु निबंधाची रचना पाहिली म्हणजे त्यांतील दोष तेव्हांच ध्यानांत येतो. विल्फर्ड आधीं ग्रीक ग्रंथकारांची कथा घेतो, मग त्या कथेंतील नांवाशीं जुळेल असें संस्कृत नांव योजतो, आणि मग त्या नांवाचा पुराणांतील उल्लेख पुढें येतो. प्रत्येक वेळीं क्रम हाच. न्यायाच्या भाषेंत बोलावयाचें तर पूर्वपक्षहि साहेबांचा व सिद्धांतहि साहेबांचाच. मधले श्लोक तेवढे पंडितानें पुरविले. जें पुराण विचारलेल्या प्रश्नास हवें तेंच उत्तर, हव्या त्याच नांवानिशीं, एकदांहि न चुकतां देतें, त्याची शंका येणें हें वाचकाचें पहिलें काम होतें. तें काम सर विल्यम जोन्ससारख्या पंडितानेंहि केलें नाहीं. सत्यवर्मा व त्याचे तीन पुत्र यांची कथा जोन्सनें स्वतः भाषांतर करून या निबंधास जोडली. मूळ श्लोक डोळ्यांसमोर होते, संस्कृत शुद्ध होतें, त्यास तेवढें पुरलें. बायबलांतील नोहा, शेम, हॅम व याफेथ यांची ती कथा आहे, मद्यपानानें बेशुद्ध झालेला पिता व त्यानें हांसणाऱ्या पुत्रास दिलेला शाप यांसकट. भागवतांतील मत्स्यावताराच्या सत्यव्रताचा येथें सत्यवर्मा झाला आहे. ‘ज्यापति’ म्हणजे पृथ्वीपति असा शब्द संस्कृतांत सहज होतो. ‘ज्यापेति’ कोणत्या सूत्रानें होईल तें पाणिनीस विचारून उपयोग नाहीं. तें रूप व्याकरणांतून आलेलें नसून याफेथ हें नांव कानांनीं ऐकून आलेलें आहे. जोन्स १७९४ सालीं निवर्तला व पुढला प्रकार त्यास कळला नाहीं.

पुढला प्रकार विल्फर्डनें स्वतःच १८०५ सालीं आठव्या खंडांत, पश्चिमेकडील पवित्र द्वीपांवरील निबंधाच्या आरंभीं, सांगितला आहे. उतारे पुन्हा मूळ पोथ्यांशीं ताडून पाहतांना त्यास दिसलें कीं, जेथें जेथें श्वेतद्वीपाचें नांव येतें तेथें तेथें अक्षर निराळें आहे व कागद डाग पाडल्यासारखा निराळ्या रंगाचा आहे. मदतनीस नेमण्यासाठीं दिलेलें द्रव्य पंडितानें आपल्याकडेच ठेविलें होतें, व ग्रंथ धुंडाळण्याचे कष्ट वांचविण्यासाठीं, साहेबांशीं बोलण्यांत जें कानांवर पडे त्यावरून तो श्लोक रचीत असे. लबाडी उघडी पडल्यावर त्यानें शपथ घेण्यासाठीं दहा ब्राह्मण आणून उभे केले! बनावट उताऱ्यांचे विल्फर्ड तीन प्रकार सांगतो: ज्यांत एखाद-दुसरा शब्द बदलला आहे ते, ज्यांत कथाच मोठ्या प्रमाणांत फिरविली आहे ते, व जे पंडितानें मनानेंच लिहिले ते. पोथ्या जमविणाऱ्या प्रत्येकानें हें वर्गीकरण लिहून जवळ ठेवावें असें आहे. कारण तिसरा प्रकार लवकर उघडकीस येतो, पहिला मात्र पिढ्यानुपिढ्या टिकतो.

या पंडितास आम्ही दोष देतों, पण एक गोष्ट मनांतून जात नाहीं. तो मनुष्य व्युत्पन्न होता. पुराणाची शैली त्यास अशी वश होती कीं जोन्सहि फसला. त्यास त्याच्या विद्येचें मोल कोणी विचारलें नाहीं. हव्या त्या श्लोकांचें मोल मात्र दिलें. आणि विल्फर्डविषयींहि तसेंच. आपली फजिती आपणच छापणें ही लहान गोष्ट नव्हे; त्याबद्दल त्यास मान दिला पाहिजे. पण ज्या निबंधाच्या आरंभीं ही कबुली आहे, त्याच निबंधांत तो श्वेतद्वीप म्हणजे ब्रिटन हें मत सोडीत नाहीं. पुरावा गेला तरी सिद्धांत राहिला. हा रोग विल्फर्डबरोबर संपला असें आम्हांस वाटत नाहीं.

कबुलीपेक्षां मूळ निबंधाचेंच आयुष्य दीर्घ ठरलें. नीलेच्या उगमाचा शोध करणाऱ्या स्पीक यास झांझिबार येथील वकील रिग्बी यानें विल्फर्डचा लेख व नकाशा दिला, आणि स्पीकनें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्राचीन हिंदूंच्या ज्ञानाचें प्रमाण म्हणून त्याचा आदरानें उल्लेख केला. कबुलीस तेव्हां अठ्ठावन्न वर्षें झालीं होतीं. पुढें आमच्याकडील अनेक उत्साही लेखकांनीं व वक्त्यांनीं तोच माल उचलला. त्यांची नांवें आम्ही घेत नाहीं, कारण मग आमचेंहि घ्यावें लागेल.

मिसराविषयीं १७९२ सालीं कोणीहि कांहींहि लिहावें अशीच स्थिति होती, कारण मिसरास स्वतःची वाचा नव्हती. ती १८२२ सालीं शांपोल्यों यानें चित्रलिपीचा उलगडा केल्यावर आली. त्यानंतर कळलें कीं ते लोक आपल्या देशास ‘केमेत’ म्हणजे काळी भूमि म्हणत. नीलेच्या पुराच्या गाळावरून तें नांव पडलें. येथें एखादा लगेच म्हणेल, पाहा, काळी भूमि, कालीनदी! असाच मोह विल्फर्डला पदोपदीं झाला होता. गाळ काळा असतो एवढाच याचा अर्थ. ‘इजिप्त’ हें नांव ग्रीकांच्या द्वारें आलें व तें मेंफिस येथील प्ताह देवाच्या मंदिराच्या नांवावरून झालें असें विद्वान् मानतात. आणि ‘मिस्र’ हें शेजारच्या सेमिटिक लोकांनीं दिलेलें नांव. तेल-अल्-अमर्ना येथें सांपडलेल्या, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील मातीच्या विटांवर तें आढळतें. मिश्र म्हणजे मिसळलेला या संस्कृत शब्दाशीं त्याचा संबंध नाहीं. उलट प्रवासाचें उदाहरण मात्र आपल्या घरांत आहे. खडीसाखरेस ‘मिश्री’ म्हणतात तें मिस्र देशावरून आलें असें कोशकार सांगतात. मूळ ‘मिस्री’, पण आमच्या जिभेनें त्यास संस्कृताचा पोशाख चढविला. विल्फर्डच्या पंडितानें जें कपटानें केलें तें भाषा निष्कपटपणें रोज करीत असते.

खुद्द मिसरी लोकांनीं आपण कोण हा प्रश्न अर्वाचीन काळीं मोठ्या हिरीरीनें लढविला आहे. १९२२ सालीं तुतनखामेनची कबर उघडल्यावर फराओंचा अभिमान उसळला. मुख्तार या शिल्पकाराचें ‘मिसरचा उदय’ हें शिल्प १९२८ सालीं कैरोंत उभें राहिलें. १९३८ सालीं ताहा हुसेन यानें मिसरची संस्कृति भूमध्य सागराच्या परिवारांतील आहे असें प्रतिपादिलें. आणि १९५८ पासून १९७१ पर्यंत तर देशाच्या अधिकृत नांवांत मिसर हा शब्दच नव्हता, तो ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ होता. या वादांत फराओंचा पक्ष होता, अरबांचा होता, भूमध्य सागराचा होता, मिश्रस्थानाचा नव्हता.

आतां तगर. येथें आम्हांस खोट्या श्लोकांची गरजच नाहीं हें स्नेह्यांस पटवावयाचें आहे. इ. स. च्या पहिल्या शतकांत मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. त्याचें नांव उरलें नाहीं, पण जहाजें हांकारण्याचे महिने तो मिसरी नांवांनीं देतो. त्याच्या ‘पेरिप्लस’ची एकच प्रमाणभूत हस्तलिखित प्रत जगांत आहे, ती दहाव्या शतकाच्या आरंभाची असून हायडेलबर्ग येथें आहे. लंडनची दुसरी प्रत तिचीच नक्कल. एकुलत्या एक पोथीवर केवढा इतिहास उभा राहतो तें संग्राहकांनीं लक्षांत घ्यावें. त्यांत असें सांगितलें आहे कीं, भरुचाहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणाहून पूर्वेस सुमारें दहा दिवसांवर तगर हें फार मोठें नगर. तेथून साधें कापड, सर्व तऱ्हेची मलमल व आणखी एका जातीचें वस्त्र गाड्यांवर घालून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून, भरुचास येतें. एकहि देव नाहीं, एकहि राजपुत्र नाहीं. माल, वाट आणि दिवस. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनेंहि पुढल्या शतकांत तगर नोंदलें आहे.

हें तगर कोठलें यावर शंभर वर्षें वाद चालला. विल्फर्डनें देवगिरि म्हटलें, भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर, डॉ. भांडारकरांनीं धारूर. १९०१ सालीं फ्लीट यानें तेर सिद्ध केलें. तगरचें तयर व तयरचें तेर ही परंपरा भाषेस धरून आहे. पैठणाहून तेर नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, ही अडचण आम्ही लपवीत नाहीं. पण अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे व गाडीवाटेनें दहा दिवस हें त्यास शोभतें. शिलाहार राजे स्वतःस तगरपुरवराधीश्वर म्हणवीत, तें याच नगराच्या जुन्या वैभवामुळें. तेर येथें १९५८ सालीं चापेकरांनीं उत्खनन केलें; आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर वेंचलेल्या वस्तूंचें संग्रहालय गांवांतच आहे. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीशीं करितात. रोमन नाण्यांच्या नकलेचीं मातीचीं पदकेंहि तेरास मिळालीं आहेत. ज्या भूमींत गोरोबाकाकांनीं माती तुडविली तिच्या पोटांतली ही माती आहे. ज्यांस परंड्याहून बार्शीमार्गें तेथवर जाणें शक्य आहे त्यांनीं हें पान विकत घेण्यापूर्वीं तेथें जावें असें आम्हीं स्नेह्यांस म्हटलें तें त्यांस लागलें. पण आमचा हेतु टोंचण्याचा नव्हता.

वाटेचें दुसरें टोंकहि आतां खणून निघालें आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरीं १९९४ पासून उत्खनन चालू झालें. तेथील मंदिराच्या आवारांत हिंदुस्थानी रांजणांत साडेसात किलो काळीं मिरीं सांपडलीं. सागवान, सुती वस्त्रांचे तुकडे मिळाले. इसिसच्या मंदिरापाशीं २०२२ सालीं बुद्धाची मूर्ति निघाली. सातवाहनांचीं दोन नाणीं निघालीं. आणि आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास सर्वांत हर्षाची गोष्ट म्हणजे तेथें एक संस्कृत लेखहि सांपडला. रोमन बादशहा फिलिप याच्या सहाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. २४८ च्या सुमारास, वासुल नांवाच्या क्षत्रियानें प्राणिमात्राच्या हितासाठीं केलेल्या दानाचा तो लेख आहे. मिसरच्या भूमींत संस्कृत शोधीत विल्फर्ड काशीस आयुष्यभर बसला, आणि तें संस्कृत खरोखरच तेथें वाळूखालीं होतें! पण त्यांत कालीनदी नाहीं, मिश्रस्थान नाहीं. वासुल तेरचा होता असें म्हणण्याचा मोह आम्हांसहि होतो. तो लेख तसें सांगत नाहीं, म्हणून आम्हीहि सांगत नाहीं.

मध्ययुगांतलेहि धागे आहेत, आणि ते परंड्याच्या अधिक जवळचे आहेत. बद्रुद्दीन दमामीनी हा अलेक्झांड्रियाचा मोठा वैयाकरण. विणकामाच्या धंद्यांत पडला, आगीनें सर्व गेलें, कर्ज झालें. मग यमनमार्गें गुजराथेस व तेथून दक्षिणेंत आला व १४२४ सालीं गुलबर्ग्यास वारला. इब्न हिशामच्या व्याकरणग्रंथावरील त्याची टीका प्रसिद्ध आहे. नीलेच्या मुखापाशीं जन्मलेला शब्दशास्त्री आमच्यापासून चार दिवसांच्या वाटेवर मातींत निजला आहे, याची आठवण आमच्या किती शिक्षकबंधूंस आहे? तसेंच परंड्याच्या किल्ल्याशीं ज्याचें नांव परंपरेनें जोडलें जातें त्या महमूद गावानाचें चरित्र कैरोच्या सखावी यानें आपल्या नवव्या हिजरी शतकाच्या चरित्रकोशांत दिलें आहे. ज्याचा वध १४८१ सालीं बेदरच्या सुलतानानें केला त्या वजिराची कीर्ति नीलेच्या कांठीं नोंदली गेली. परंड्याहून १६३२ सालीं विजापुरास गेलेल्या ‘मलिक-इ-मैदान’ तोफेचा ओतारी महंमद बिन हसन हा ‘रूमी’ होता; १५१७ पासून मिसरहि रूमच्याच बादशाहींत होता. तेवढ्यावरून तो मिसरांतून आला असें म्हणतां येत नाहीं, परंतु ही दिशा शोधण्याजोगी आहे.

आतां पानाकडे परत येऊं. पद्मपुराणाची आनंदाश्रमाची १८९३–९४ सालची मंडलीकांची आवृत्ति आम्हीं चाळली. त्यांत सत्यवर्म्याची ही कथा नाहीं. ‘ज्यापेति’ हें रूप पानांत जसेंच्या तसें आहे, म्हणजे लेखकाचा आधार विल्फर्डचा छापील निबंध होय. परंतु विल्फर्डचा पंडित हें पान लिहूं शकत नव्हता, कारण त्याच्या धन्यास तगर म्हणजे देवगिरि वाटत होतें. आणि पानांत तगर म्हणजे तेर आहे. तेरच्या एखाद्या जुन्या ब्राह्मणास तें पूर्वींपासून ठाऊक असेल असा पक्ष घेतां येईल. पण त्या ब्राह्मणास ज्यापेतिहि ठाऊक असावा हें संभवत नाहीं. यावरून पान १९०१ नंतरचें. हातकागद हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यास तो पुढेंहि होत राहिला आहे. पानाच्या कडा पिवळ्या आहेत, मध्यभाग मात्र पांढरट आहे. जुना कागदहि कडांकडूनच आधीं पिवळा होतो, म्हणून त्यावरून कांहीं ठरत नाहीं.

राहिला तो ‘बारा दिवसां’चा प्रश्न. पेरिप्लसमध्यें दहा दिवस आहेत. एकुलत्या एक पोथींत दहा, म्हणून सर्व छापील आवृत्तींतहि दहा. मग पानांत बारा कोठून आले? छंदासाठीं म्हणावें तर ‘दशाह’ बसवणेंहि त्या लेखकास कठीण नव्हतें. हा प्रश्न आम्हांस दोन दिवस सुटला नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं फार वाईट रीतीनें सुटला.

१९८६ सालीं, आम्ही शिक्षक होऊन थोडींच वर्षें झालीं असतां, गणेशोत्सवांत आम्हीं ‘तेर आणि मिसर’ या विषयावर व्याख्यान दिलें होतें. विल्फर्डचा तिसऱ्या खंडांतील निबंध आम्हीं तेव्हां वाचला होता. आठव्या खंडांतील कबुली वाचली नव्हती. व्याख्यानाचीं टिपणें आमच्या पेटींत अजून आहेत. क्रम असा: सत्यवर्मा व तीन पुत्र, मग मिश्रस्थान व काली, मग फ्लीटचें तेर, मग कापडाचा व्यापार. पानांतहि हाच क्रम आहे. आणि टिपणांत, आमच्याच अक्षरांत, पैठणापासून तगर ‘१२ दिवस’ असें आहे. ती आमची लिहिण्यांतली चूक होती, व तीच आम्हीं सभेंत बोललों. दोन प्रतींत एकच चूक असेल तर एक दुसरीवरून उतरली असें आपण मानतों. येथें मूळ प्रत आम्हीच आहों. त्या सभेंत संस्कृत जाणणारे पुष्कळ होते, आमचे विद्यार्थीहि होते. कोणीं हें पान रचिलें तें आम्ही शोधणार नाहीं. रचणाऱ्यास लबाडी करावयाची होती कीं गुरुजींच्या बोलण्यास आधार मिळवून द्यावयाचा होता, तेंहि सांगतां येत नाहीं. श्लोक निर्दोष आहेत, एवढें मात्र म्हटलें पाहिजे.

टिपणांची ती वही आम्हीं स्नेह्यांस दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचली व बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. पान फाडून टाकावें असें त्यांचें म्हणणें पडलें. आम्हीं तें होऊं दिलें नाहीं. पानाच्या मागील कोऱ्या जागीं शिसपेन्सिलीनें ‘आधुनिक; १९८६ नंतरचें; आधार विल्फर्ड व एक व्याख्यान’ अशी नोंद करून, वहींतील त्या चार पृष्ठांच्या नकलेसह, तें त्यांच्याच संग्रहांत ठेविलें आहे. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांस तें दाखविण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे.